बादलीविरुद्ध मावशी

कुणी धरायला गेलं की मावशी तळहात पुढं करायच्या, ट्रॅफिक पोलिसासारखा. "हात नको. उठते मी." मग भिंत, दार, कधी बोळात लावलेली कुणाची स्कूटर, जे मिळेल ते धरून उठायच्या. कितीही वेळ लागू दे, आपण नुसतं बघत उभं राहायचं.

मी मूळचा बार्शीचा. सोलापुरात शुक्रवार पेठेत भाड्यानं राहतो आणि टाइल्स-कमोडच्या दुकानात सेल्समन आहे. मावशींचं घर माझ्या खोलीसमोर. मी कुणाचाही आवाज काढतो म्हणून त्या मला नकल्या म्हणायच्या.

गुडघे गेले आणि खाली बसायचा संडास त्यांचा वैरी झाला. बसता यायचं, उठता यायचं नाही. सून आत जाऊन काखेत हात घालून उठवायची. स्वभावानं लई गरीब, कधी कुरकुरली नाही. मावशींना तेच सोसेना. मला म्हणाल्या, "एकदा तरी तोंड वाकडं करायचं की तिनं. भांडता तरी आलं असतं."

कमोड बसवायचा म्हटल्यावर त्यांचा पोरगा नाही म्हणाला. त्याचंही खरं होतं. नळाला रोज पाणी येत नाही, हे सोलापूरकराला काय सांगायचं? बॅरल भरायचा आणि पुरवत बसायचं. पाहुण्यांकडच्या जुन्या कमोडची टाकी एका दमात बादलीभर पाणी सोडते, हे त्यानं बघितलेलं. "आई, ते आपलं सगळं पाणी गिळंल," म्हणाला.

मावशी रिक्षा करून थेट दुकानात. मी पाठ केलेलं भाषण लावलं. दोन बटणं. लहान कामाला लहान, तीन लिटर. मोठ्याला मोठं, सहा लिटर. पाणी थोडंच, पण एकदम सुटतं, आणि भांड्याचा उतार असा की सगळं ओढून नेतं.

मावशींनी पिशवीतनं डबा काढला. आत ज्वारीच्या पिठाचे गोळे, मळून, चांगले लांबट वळलेले. गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात त्यांनी ते डेमोच्या कमोडात टाकले. आमच्या मालकांचा तेव्हाचा चेहरा मी अजून करून दाखवतो.

"दाब मोठं."

गोळे गेले. मग आणखी दोन टाकून लहान बटण दाबायला लावलं. एक गेला, एक तिथंच बसला. मी घाईनं परत मोठ्या बटणाकडं हात नेला. मावशी मात्र खूश. "भांडं खोटं बोलत न्हाई. मोठ्याला मोठंच लागतं. हेच दे."

कमोड बसला. थोड्याच दिवसांत पोरगा दुकानात आला, तावातावानं. बॅरल पहिल्यापेक्षा लवकर संपत होता. मावशींनी दोन दिवस संडासाबाहेर खुर्ची टाकून पहारा दिला आणि चोर सापडला. घरातला प्रत्येक जण फ्लश दाबायचा, आणि मनाच्या समाधानाला वरनं बादलीभर पाणी ओतायचा. तुमच्या घरीही ऐका एकदा दाराला कान लावून.

मावशींनी बादली पत्र्यावर फेकली. पोरानं परत आणून ठेवली. शेवटी त्यांनी तिच्या तळाला भोक पाडून कोरफड लावली. पोरगा म्हणाला, तुंबलं तर?

"तुंबलं तर मी हात घालीन. पन दार लावून एकटी बसंन, एकटी उठंन. त्याच्यासाठीच बसवलंय."

बॅरल पुरायला लागला.

या उन्हाळ्यात मावशी गेल्या. त्याआधी दवाखान्यात होत्या. तिथं पलंगावर भांडं द्यायचे. घरी सोडलं त्या दुपारी रिक्षातनं उतरल्या आणि अंथरुणाकडं गेल्याच नाहीत. भिंत धरत सरळ आत. कडी लावली.

बाहेर पोरगा, सून आणि मी. बराच वेळ आवाज नाही. पोरानं दार वाजवायला हात उचलला, तो सुनेनं धरला. मग टाकी सुटली. लहान बटण. कडी निघाली. मावशी घामानं भिजलेल्या, चौकट धरून उभ्या. आमच्यातल्या एकेकाकडं बघितलं.

"काय, तिकीट काढून आलाय व्हय?"