शिओनोमिसाकीच्या टोकावरची चहावाली

ओसाकात चार दिवसांची सुट्टी मिळाली, तेव्हा बरोबरचे जपानी कारागीर आपापल्या गावी गेले. मी आणि सीताराम समुद्राकडे निघालो. आम्ही दोघे मावळातले, मी भाजे गावचा, तो कान्ह्याचा. आमच्या काचकारखान्याने कंदिलाच्या चिमण्या फुंकायला शिकण्यासाठी आम्हाला जपानला धाडलं होतं. शिओनोमिसाकीच्या भूशिरावरच्या दीपगृहाची भिंगं भट्टीवरच्या उस्तादाने इतकी वाखाणली होती, की ती पाहायचीच असं ठरलं.

किनाऱ्याने जाणारी बोट संध्याकाळी सुटते आणि सकाळी कुशिमोतो बंदराला लागते. खालच्या वर्गाचं तिकीट आमच्या दोन दिवसांच्या भत्त्यात आलं. जाणाऱ्याने भिंतीकडची चटई धरावी आणि पोट हलकं ठेवावं. सीतारामने दोन्ही चुका केल्या. बंदरावर मोहरीच्या पानात गुंडाळलेले भाताचे गोळे मिळतात. ते बांधून घेतले आणि दोन कोस चालत गेलो.

टोकाला गवताचं मोकळं पठार. ते एकाएकी तुटतं आणि खाली काळसर निळं पाणी.

"आरं, ह्यो तर आपला लोहगडाचा विंचूकाटा!" सीताराम ओरडला. "खालचं मावळ तेवढं बुडालंय!"

रखवालदाराने दीपगृहात सोडलं नाही. हिरमुसून आम्ही शेजारच्या चहाच्या टपरीवर बसलो. आमचे परदेशी चेहरे पाहून चहावाली म्हातारी आतून एक फोटो घेऊन आली. तिचा मुलगा मोती काढायला दक्षिणेच्या समुद्रात गेला होता. तीन वर्षं पत्र नव्हतं.

"तुम्ही तिकडूनच आलात ना? दिसला का कुठे?"

माझ्या मोडक्या जपानीत एवढं कळलं. सीतारामला सांगितलं, तर तो म्हणाला, "दिसला म्हन की. म्हातारीला बरं वाटंल."

माझ्याही ओठांवर तेच आलं होतं. पण तिचे डोळे पाहून धजलो नाही. "नाही दिसला, आई," मी म्हणालो.

तिने फोटो उराशी धरला. "तिकडून येणारा प्रत्येक जण दिसला म्हणतो. कुणी म्हणतो लठ्ठ झालाय, कुणी म्हणतो वाळलाय." मग विचारलं, "तुझ्या आईला तुझं पत्र जातं?"

सात महिन्यांत मी एक ओळ लिहिली नव्हती. मान खाली गेली. तिने भूशिराचं चित्र असलेलं कार्ड पुढे सरकवलं आणि लिहून होईपर्यंत समोर बसून राहिली. काय लिहावं सुचेना, म्हणून तिचीच हकिगत लिहिली. चहाचे पैसे तिने घेतले, कार्डाचे नाही.

वर्षअखेरीस मळवली स्टेशनावर उतरून घरी गेलो. आईने पाणी दिलं, अंगावरून हात फिरवला. जपान कसा, काम कसं, काही नाही. पहिलाच प्रश्न, "व्हय रं, त्या म्हातारीचा ल्योक आला का?"

"ठावं न्हाई, आये."

"मंग इचार की! हितं बसून कसं कळंल?"

त्याच आठवड्यात मी येत होती तेवढी जपानी अक्षरं जुळवून कुशिमोतोला पत्र टाकलं. दीपगृहाजवळची चहावाली, एवढ्याच पत्त्यावर ते पोचलं. आता दर वर्षी एक पत्र जातं, एक येतं. मुलगा अजून आलेला नाही. पाकीट फोडताना आई जवळ येऊन बसते, आणि मी वाचू लागण्याआधी माझ्या चेहऱ्याकडे बघते.