आईच्या माहेरचा चार पात्यांचा पंखा

उसाला पाणी पाजण्यापलीकडे पाण्याशी माझा कधी संबंध आला नव्हता. तरीही गेल्या उन्हाळ्यात मी वेगवान बोटीच्या पंख्यांचा तज्ज्ञ झालो. (कुंडलमध्ये या विषयात दुसरं कोणी नसल्यामुळे पहिला नंबर आपोआप मिळाला.)

निमित्त आईचं. तिचं माहेर कोयनेच्या धरणात गेलं तेव्हा ती परकर नेसणारी पोर होती. गाव पाण्याखाली गेलं, माणसं उठून इकडं सांगलीकडं आली. वाघजाईचं देऊळ तेवढं उंचावर होतं म्हणून वाचलं. ते पलीकडच्या काठावर, आणि जायचं तर पाण्यावरूनच. गाव सोडताना सामानानं भरलेली होडी अशी काही डुलली, की आईनं पुन्हा कुठल्या होडीत पाय ठेवला नाही. देवीची ओटी भरायची राहून गेली. तिचं लग्न झालं, आम्ही झालो, आम्हाला पोरं झाली, ओटी राहिली ती राहिलीच. पंच्याहत्तरी उलटल्यावर तिनं एकदाचं तोंड उघडलं. जायचं, पण दोन अटींवर. होडी जोरात गेली पाहिजे, कारण फार वेळ पाण्यावर राहिलं तर तिचा जीव जाईल. आणि होडी हलता कामा नये, कारण हलली तरी जीव जाईल.

माझा मेहुणा दत्ता धरणाच्या काठी बामणोलीला पर्यटकांना बोटीतून फिरवतो. त्याची एक लहान बोट पहिल्या अटीत चोख बसत होती. दुसऱ्या अटीबद्दल न बोललेलं बरं. वेग घेतला की तिचं नाक वर उठायचं, धाडकन पाण्यावर आपटायचं आणि पुन्हा उठायचं. पर्यटक यासाठीच पैसे देतात म्हणे! मी एका फेरीतच सकाळचे पोहे धरणाला अर्पण केले.

दत्ताच्या मते दोष बोटीचा नव्हता, पंख्याचा होता. इंजिनाच्या बुडाशी पाण्यात फिरणारा जो पंखा असतो, त्याला पाती किती आणि पात्यांना पीळ किती, यावर बोट कशी पळणार ते ठरतं. हे ऐकून मी निर्धास्त झालो. नदीवरची मोटर आयुष्यभर खोललेल्या माणसाला पंख्याचं काय कौतुक? मी दुकानातला सगळ्यात जास्त पिळाचा पंखा निवडला. जास्त पीळ, जास्त दम, असा माझा हिशोब. तो बसवल्यावर बोट बूड टेकून बसली ती उठेचना. नाक आभाळाकडं, इंजिन कण्हतंय, आणि समोर पाणी सोडून सगळं दिसतंय.

मग कमी पिळाचा आणला. आता बोट टुणकन उठली, पण वेग घेताच दोन्ही अंगांनी झुलायला लागली. चाचणीला आईच्या वजनाचं कोणीतरी हवं म्हणून आम्ही तिच्या जागी खताचं पोतं बसवत होतो. दत्तानं त्याचं नाव ‘आत्या’ ठेवलं होतं, कारण आईला तो आत्याच म्हणतो. एका वळणावर पोतं घसरलं आणि थेट पाण्यात गेलं. दत्तानं सगळ्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात मला सांगितलं, “दाजी, आत्या गेल्या!”

काठावरच्या चहावाल्या बाईनं ते ऐकलं. ती कुंडलच्या आमच्या चुलतभावाच्या सासुरवाडीची निघाली. आम्ही घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती आणि पै-पाहुणे डोक्याला टॉवेल बांधून अंगणात बसले होते. त्यांना आईनं स्वतः चहा दिला. कोण गेलं म्हणून तिनं विचारलं, तर कुणाला सांगता येईना.

शेवटी दत्तानं कुठून तरी चार पात्यांचा स्टीलचा पंखा आणला. हा पाणी घट्ट धरतो, बोटीचं बूड उचलून ठेवतो, त्यामुळं नाक खाली राहतं. मी भरलेला चहाचा कप बोटीत ठेवून पूर्ण वेगानं फेरी मारली. थेंब सांडला नाही! मी तो चहा ऐटीत प्यालो आणि आईला आणायला गेलो.

आई नवं नऊवारी नेसून आली. दत्ता पुढं बसला, इंजिनापाशी मी. आई डोळे मिटूनच माझ्याशेजारी बसली आणि माझा दंड धरला. बोट पळायला लागल्यावर तिनं एक डोळा उघडला, मग दुसरा. पकड सैल झाली. माझ्या छातीला अंगरखा पुरेना. धरणाच्या मध्यावर आल्यावर ती समोरचे डोंगर निरखत म्हणाली, “बाळू, थांबीव.”

“आगं, देऊळ अजून लांब हाय.”

“आपलं घर हितं हुतं. थांबीव म्हंते न्हवं.”

मी इंजिन बंद केलं. चार पात्यांची करामत बोट पळते तोवरच असते, हे मला तेव्हा कळलं. आमच्याच लाटा मागून आल्या आणि बोट पाळण्यागत हलायला लागली. मी बाकडं धरून खाली बसलो. आणि आई उभी राहिली! पिशवीतून तिनं दोन लुगडी काढली. एक देवीचं होतं. दुसरं हिरवं लुगडं तिनं खणानारळासकट पाण्यावर सोडलं, हात जोडले आणि म्हणाली, “आय, आले गं मी.”

मला भडभडून आलं. पन्नाशीच्या माणसानं मेहुण्यादेखत रडायचं कसं? काहीतरी करायचं म्हणून मी इंजिन सुरू केलं. चार पात्यांनी पाणी घट्ट धरलं असेलच. लुगडं त्याहून घट्ट धरलं. इंजिन गचका खाऊन बंद पडलं. वर उचलून पाहिलं तर पंखा हिरवं लुगडं नेसून तयार. मी सुरी काढली.

“ओटीच्या लुगड्याला सुरी लावतूस व्हय रं?” आई म्हणाली.

संपलं. दत्तानं हात हलवून एक सावकाश चालणारी लाँच बोलावली आणि तिच्यामागं आमची वेगवान बोट दोरीनं बांधली. देवळापर्यंत किती वेळ गेला कोण जाणे. आई पाण्यात हात घालून बसली होती. इथं खळं होतं, इथं कैऱ्या चोरल्या म्हणून मार खाल्ला, इथं तिची आई भात सडायची. यातलं एक अक्षरही मी आजवर ऐकलं नव्हतं. ती वाट संपू नये असं मला मनापासून वाटत होतं.

वाघजाईची ओटी भरली. घरी आल्यावर आईनं मलकापूरच्या मावशीला फोन लावला. मावशीही पाण्याला भिते. आता पंख्याचं नाव निघणार म्हणून मी शेजारी जाऊन बसलो.

“पुढच्या खेपंला दोघी जाऊ,” आई तिला सांगत होती. “होडी लय चांगली हाय, अजाबात हालत न्हाई. फकस्त आमच्या बाळूला इंजान चालू करू द्यायचं न्हाई.”