आरसा काढलेली मोटार

"लारी! लारी आली वो! डावीकून घुसून राह्यली!" ताई मागच्या सीटवरून किंचाळली.

"तुही डावी का माही डावी?" भाऊजी त्याहून मोठ्यानं ओरडले, आणि हा तंटा मिटायच्या आत लॉरी आम्हाला धूळ चारून महागावकडे दिसेनाशीही झाली.

"आता मी काही सांगतच नाही," ताई म्हणाली आणि गप्प बसली.

पैनगंगेपासून वर्धेपर्यंत, म्हणजे अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात, माझ्या या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका संशयी माणूस झाला नाही. दूध पिण्याआधी ते म्हशीची चौकशी करत. पाऊस पडू लागला तर हात बाहेर काढून, त्याचा वास घेऊन, मगच छत्री उघडत. अशा माणसानं साठ सालाच्या आसपास राजूरकडच्या एका कोळसा ठेकेदाराची जुनी काळी मोटार घेतली आणि उमरखेडला आणल्या दिवसापासून तिच्यावर आरोपीसारखी नजर ठेवली. "अपघात काहून होते, माहीत आहे काय?" ते मला विचारत. "मान्सं मोटारीवर भरोसा ठेवतात म्हनून."

ब्रेकवर तर त्यांचा विशेष राग. "जे पायाखाली लपून बसते, ते येनवक्ती दगा देनारच!" म्हणून बाभळीचा एक ठोकळा, चांगला तान्ह्या पोराएवढा, समोर त्यांच्या शेजारी बसणाऱ्याच्या मांडीवर असे. चढावर मोटार थांबली की त्यानं उडी मारून तो चाकामागे सारायचा. सणाला ताईला माहेरी आणायला मुराळी म्हणून मीच जायचो, त्यामुळे हा मान माझा. इतरांच्या मांडीवर बहिणीच्या सासरचा पुरणपोळ्यांचा डबा असे, माझ्या मांडीवर बाभूळ. भोंगाही त्यांना मंजूर नव्हता. "बैलाले भोंग्याची भाषा येते काय?" कापसाच्या गाड्यांची रांग दिसली की ते पाव मैलावरूनच डोकं बाहेर काढून असे हाकारत, की बैल बाजूला होत, गाडीवान जागे होत, आणि एकदा तर समोरून येणारी प्रवासी बससुद्धा शेतात उतरून अदबीनं उभी राहिली.

पण खरा वैरी आरसा. "डावं उजवं करून दाखवते. असा साक्षीदार कोर्टात टिकन काय?" त्यांनी आरसा काढून न्हाव्याला देऊन टाकला आणि सुताराकडून मागची सीट उलटी बसवून घेतली. तिच्यावर ताई, तोंड मागच्या काचेकडे. मागून काय येतंय ते तिनं ओरडून सांगायचं. बैलांच्या दमणीत बाया अशाच मागं तोंड करून तर बसतात, असं भाऊजींचं म्हणणं.

"माहेर सोडताना मांगं तोंड असलेलं बरं," ताई म्हणे. "पन येताना तरी समोर बसू द्या. माय नाल्याच्या पुलाशी येऊन उभी राह्यते. मोटार पुढं गेल्यावर दिसते मले, धुळीत खोकताना."

"अन् मांगचं कोन पाह्यन?"

"हा पाह्यन ना," ती माझ्याकडे बोट दाखवी. भाऊजी मला न्याहाळत. त्या नजरेत ब्रेक, भोंगा, आरसा आणि मी एकाच रांगेत उभे असू.

मला वाटे, खरी गोष्ट वेगळीच. बायकोला शेजारी बसवून गावातून जायची लाज! ताईलाही तोच संशय होता, आणि तिचा संशय भाऊजींच्या संशयापेक्षा जुना नि मुरलेला होता.

त्या दिवाळीला आई मोठ्या दुखण्यातून नुकती उठली होती. तरी तिचा निरोप होता, पुलाशी येईनच. म्हणून लॉरीनंतरचं ताईचं ते गप्प बसणं साधं नव्हतं. "मांगं काय दिसून राह्यलं?" भाऊजी दर दोन मिनिटांनी विचारत. भाऊजींना दिवाळीच्या थंडीत घाम फुटला. मोटार बैलालाही लाज वाटेल अशी चालू लागली.

आमच्या गावाआधीच्या वळणावर ते थांबले. मी सवयीनं ठोकळा घेऊन उडी मारली. "बस लेका आत," ते खेकसले. रस्त्यावर आडवीतिडवी करत त्यांनी मोटार उमरखेडकडे तोंड करून उभी केली, मागचा गिअर टाकला आणि ताईला म्हणाले, "आता सांग."

आमची मोटार पाठीकडून माहेरी निघाली. कुत्र्यांना भुंकावं की पळावं कळेना. "रुसली काय वो गाडी?" एका म्हातारबानं बांधावरून विचारलं. भाऊजींनी मात्र एकदाही मान वळवली नाही. डोळे उमरखेडकडे लावून, ताई "सरळ" म्हणाली की सरळ, "माही डावी" म्हणाली की तिची डावी. ब्रेकवर, भोंग्यावर, आरशावर कधी विश्वास न ठेवलेला माणूस निव्वळ तिच्या शब्दावर मोटार हाकत होता. असं कुणी कुणाचं ऐकलेलं मी पुन्हा पाहिलं नाही.

"माय दिसली वो! काठी घेऊन उभी हाये! हात करून राह्यली!" ताई ओरडली आणि पुढचं सांगायचं विसरली. मोटार हलकेच तुरीच्या वाळल्या तुराट्यांच्या ढिगात शिरली. ताई तोवर उतरून धावलीही होती.

चाकातल्या तुराट्या उपसताना मी म्हणालो, "भाऊजी, एवढा उपद्व्याप! तिला सरळ माझ्या जागेवर समोर बसवलं असतं तर?"

"मोटार ठोकली त समोरच्याले पहिले लागते," भाऊजी म्हणाले.