रस्त्याच्या तोंडावरचं घर

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी पुण्यात गवार मोडत बसले होते. फोन अण्णांचा, म्हणजे तंजावूरच्या आमच्या थोरल्या चुलतभावाचा. "सुगुणा गेली गे," एवढं म्हणाले, आणि मी तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य आलं... "त्या घरातच गेली. किती सांगितलं होतं, तेरुकुत्तु घर घेऊ नकोस." सख्खी बहीण गेल्याचं दुःख आणि त्या माणसाचा राग, दोन्ही एकदमच आले. आज इतक्या आठवड्यांनी दुःख आहे तिथंच आहे, आणि रागही तसूभर कमी झालेला नाही. तो मी लपवणारही नाही.

रस्ता सरळ येऊन ज्या घराच्या दारावर संपतो, त्या घराला तंजावुरात तेरुकुत्तु म्हणतात. रस्ता म्हणे घरात घुसतो. माणूस टिकत नाही, पैसा टिकत नाही. अशा घरांच्या भिंतीत कोनाडा करून गणपती बसवतात, आणि तरीही गिऱ्हाईक चार हात लांबच राहतं. माझी अक्का, मुलींच्या शाळेत गणित शिकवणारी बाई, शनिवार-रविवारी स्कूटरवरून नेमकी असली घरं शोधत फिरायची. स्वस्तात घ्यायची, दुरुस्त करायची, चढ्या भावानं विकायची. राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांत, तिरुवैयारूच्या वाटेवर, कुठं कुठं. एक घर विकलं गेलं की त्याच पैशांत दुसरं. शाळेतल्या बायका साड्यांचं बोलायच्या तेव्हा ही छताच्या तुळयांचं बोलायची.

शोकसभेत एका बाईंनी, तशा भल्या होत्या, सांगितलं की सुगुणा टीचरनी जुनी घरं वाचवली, केवढं पुण्याचं काम! मी मान हलवली नाही. अक्का हे सगळं नफ्यासाठी करत होती आणि तसं तोंडावर सांगत होती. आलेल्या नफ्यातून तिनं मजा केली. पाटल्या केल्या, नवऱ्याला घेऊन सिंगापूर पाहून आली, मला एकदा विमानाचं तिकीट पाठवून म्हणाली, "ये, तुझ्या पुण्यात कॉफी मिळत नाही." बाईनं कमावलं की लोकांना ते कुठल्या तरी देवाला नाहीतर समाजाला वाहिलेलं हवं असतं. का म्हणून? बापयांनी प्लॉट घेतले-विकले की त्यांना हुशार म्हणतात, तेव्हा कुणी पुण्य विचारत नाही.

आम्ही तंजावूरचे मराठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. देवनागरी लिहायला मी लग्नानंतर पुण्यात शिकले, अक्काला ती शेवटपर्यंत आली नाही. पण एका मराठी शब्दावरून ती नवऱ्याशी जन्मभर भांडली. आमचे भावोजी फार मऊ माणूस. वीजमंडळातून रिटायर झालेले, आवाज कधी चढायचा नाही. कुणी विचारलं की सांगायचे, "हो, ते घर दिलं आम्ही." आपल्याकडे मुलगी देतात ना, तसं. घर विकलं म्हणायला त्यांची जीभ रेटायची नाही. आतून अक्का ओरडायची, "दिलं काय? फुकट दिलं की काय मी? विकलं म्हणा, विकलं!" भावोजी हसून "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणायचे आणि पुढच्या घराच्या वेळी पुन्हा 'दिलं'.

तिची घर बघायची रीत मी एकदा पाहिली. रिकाम्या घरात आम्ही भर दुपारी थर्मास घेऊन बसलो. मी घाबरले होते, कारण त्या घरातली दोन माणसं पाठोपाठ गेलेली. अक्का ऊन कुठून येतं, कुठे येतच नाही, ते बघत होती. मग स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावून म्हणाली, "बघ, ओल. चुलीशी बसणारी बाई आयुष्यभर खोकणारच गे. ह्याला पिशाच्च कशाला पाहिजे?" रस्ता खरोखरच घरात घुसतो, हे ती मानायची. पण तो पाणी घेऊन घुसतो. रस्त्याचा उतार दाराकडे, म्हणून पावसाचं आणि गटाराचं सगळं जोत्याखाली. ती आधी गटार वळवायची, उंबरा उंच करायची, मग छत, मग लादी. कोनाड्यातला गणपती मात्र ठेवायची. "त्यालाही घर पाहिजे, आणि गिऱ्हाइकालाही तो पाहिजे."

काम संपलं की ती त्या घरात पितळी पातेल्यात दूध तापवून उतू जाऊ द्यायची. तिकडं नव्या घरात राहायला जाणारे लोक हे करतात. ही तर विकणार! अण्णा म्हणायचे, हा कसला चेष्टेचा गृहप्रवेश? ती म्हणायची, "दूध उतू गेलं की घर पुरं झालं. अर्धं घर मी विकत नाही." पातेलं तेच, दर वेळी.

राजवाड्यामागचं हे शेवटचं घर निम्मं झालं होतं. गटार वळवून झालं होतं, आत लादी बसत होती. रविवारी सकाळी मेस्त्रीशी लादीच्या रंगावरून वाद घालता घालता ती खाली बसली, ती उठलीच नाही. डॉक्टरांनी हृदय म्हणून सांगितलं. गोळ्या वेळेवर घ्यायची नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दहाव्याला बायका कुजबुजत होत्या, घरानं खाल्लं तिला. जन्मभर जे खोटं आहे म्हणून ती सांगत आली, तेच तिच्या मरणाला चिकटवलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

अण्णांनी गिऱ्हाईकही आणलं. आहे तसं घ्यायचं, पाडायचं, दुकानं काढायची. भाव कवडीमोल, कारण आता तर बाई गेलेलं तेरुकुत्तु. भावोजी भिंतीकडे बघत म्हणाले, "देऊन टाकू. मला त्या रस्त्यानं जाववत नाही."

मी ऐकून घेतलं नाही. "भावोजी, आज हे अर्धं घर पाडायला दिलंत, तर ह्या गावात अक्का कायमची खोटी ठरली. मग कुणीही म्हणेल, बघा, खाल्लं ना? तुम्हाला चालेल?" त्यांच्या हातातली कॉफी तशीच निवत राहिली... सकाळी उठून आले तेव्हा त्यांच्या हातात अक्काच्या स्कूटरची किल्ली होती.

मी पुण्याचं परतीचं तिकीट रद्द केलं. लादी अक्का म्हणत होती तीच, तांबडी, बसवली. मेस्त्री म्हणाला, टीचरम्मांना आता उलट बोलायची सोय नाही राहिली, आणि तोंड फिरवून उभा राहिला. भिंती वाळल्या, कोनाड्यात गणपती बसला. भावोजींनी स्वतः पातेलं घासून आणलं. दूध वर आलं, कडेवरून सांडलं, चूल विझली, आणि ते एवढंसं घर जळक्या दुधाच्या वासानं भरून गेलं. आम्ही दोघंही रडलो. का रडू नये?

पुढच्या आठवड्यात एक जोडपं आलं, दोघं नोकरी करणारी. घर आवडलं. मग नवऱ्यानं दबक्या आवाजात विचारलं, "सर, इथंच ना त्या..." भाव पाडायची ती जुनीच तऱ्हा. मी पुढे होणार तोच भावोजी म्हणाले, "हो, इथंच. माझी बायको. शेवटपर्यंत हे घर चांगलं करत होती. भाव कमी होणार नाही." त्यांनी तो खाली आणलाही नाही. अण्णांच्या गिऱ्हाइकापेक्षा कितीतरी वर सौदा झाला. अक्कानं पाटल्या केल्या असत्या.

त्या संध्याकाळी अण्णांचा फोन आला. भावोजी मोरीत बसून पातेल्याला त्या दिवशीचं लागून राहिलेलं दूध खरवडत होते, म्हणून मी फोन त्यांच्या कानाला लावला. अण्णांचा आवाज मला इकडेही ऐकू येत होता. "काय, दिलं म्हणे शेवटी ते घर?"

भावोजींचा हात थांबला.

"दिलं नाही, अण्णा," ते म्हणाले. "विकलं."