हिद्दच्या किनाऱ्यावर कुर्ल्या

मुलांनो, हे इंग्रजीत लिहिले असते तर तुम्ही दोघांनी एका मिनिटात वाचून फोन खाली ठेवला असता. मराठीत लिहिले की आईला शब्द विचारत विचारत वाचावे लागेल. तेवढा वेळ मला जास्त मिळेल, म्हणून मराठी.

आत्ताच लिहायचे कारण थोरल्याचे हरीण. तुमच्या आईचा परवा फोन आला. थोरला तिकडच्या सरकारी जंगलात हरणाची शिकार शिकतो आहे, परवाना काढला आहे, भडक नारिंगी जाकीट घेतले आहे, आणि तीन पहाटे थंडीत बसून रिकाम्या हाताने घरी आला आहे. आता तोंड पाडून बसतो म्हणे. हरणातले मला काही कळत नाही. पण जिथे कोणीही यावे अशा मोकळ्या जागी जाऊन, काही येत नसताना, चारचौघांसमोर हात हलवत परत येणे मला चांगले ठाऊक आहे. मी ते चौसष्टाव्या वर्षी केले. त्या मानाने, थोरल्या, तू अजून लहान आहेस.

त्या हिवाळ्यात तुमच्या आजोबांच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली होती. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. नाही चाललात तर केलेले सगळे फुकट जाईल. आजोबांनी मान हलवली, घरी आले आणि खुर्चीत बसले. पस्तीस वर्षे इथे बहरीनला जहाजदुरुस्तीच्या यार्डात शिड्या चढलेला माणूस खुर्चीतून उठून स्वयंपाकघरापर्यंत येईना. तुमचा मामा रागावला. मी गोड बोलले, मग मीही रागावले. जेवण दोन घासांवर आले. मला रात्रंदिवस एकच भीती, की हा माणूस त्या खुर्चीतच संपणार.

एकदा मात्र ते म्हणाले, "कुर्ल्या खाव्याशा वाटतात. बर्फातल्या नकोत. हाताने धरलेल्या." कुर्ल्या म्हणजे खेकडे. आजोबा रत्नागिरीकडच्या खाडीकाठचे.

"मी धरून आणते," मी म्हणाले.

त्यांनी कितीतरी दिवसांनी माझ्याकडे नीट पाहिले. "तू? नागपूरची? तुला समुद्र मीच दाखवला गो."

शाळेच्या ऑफिसात सत्तावीस वर्षे काढलेली बाई तयारीशिवाय घराबाहेर पडत नाही. मी गमबूट आणले, रबरी हातमोजे आणले, दांड्याची जाळी आणि बादली आणली. डॉक्टरांना विचारले; एखादा खेकडा चालेल म्हणाले. खेकडे धरायची बंदी कोणत्या महिन्यांत असते, किनाऱ्यावर कुणाला काय चालते, ते मामाला चौकशी करायला लावले. अंडी असलेली मादी परत सोडायची असते, हेही वहीत लिहिले. ती ओळखायची कशी, हे मात्र विचारले नाही.

ओहोटीची वेळ काढणे सोपे होते. गावाहून येणाऱ्या मराठी कॅलेंडरच्या मागच्या पानावर भरती-ओहोटीचे कोष्टक असते. त्यातून मी वेळ घेतली, भारतातल्या आणि इथल्या वेळेतले अंतर म्हणून अडीच तास वजा केले, आणि सकाळी बरोबर सव्वानऊला आमच्या हिद्द गावाच्या किनाऱ्यावर हजर झाले.

पाणी किनाऱ्याच्या भिंतीला लागलेले होते.

मी दोन तास भिंतीवर बसून समुद्र मागे जायची वाट पाहिली. जाळे दुरुस्त करत बसलेले एक म्हातारे बहरीनी गृहस्थ सुरुवातीला माझ्या बुटांकडे पाहत होते. शेवटी त्यांना दया आली. "मॅडम, अभी मफी," ते इथल्या अरबी मिसळलेल्या हिंदीत म्हणाले; मफी म्हणजे नाही. "पानी ऊपर है. शाम को आओ."

घरी आल्यावर आजोबांनी विचारले, "काय गो, किती कुर्ल्या?"

मी खरे ते सांगितले. ते एकदम हसायला लागले, आणि टाके दुखतात म्हणून छाती धरून हसत राहिले. "अगो, ते मुंबईच्या बंदराचं कोष्टक! मुंबईचं पाणी बहरीनला कसं येईल?"

"मी अडीच तास वजा केले होते," मी म्हणाले.

"मग काय! समुद्राला व्हिसा पण काढून दिला असशील."

हे त्यांनी मामाला सांगितले, तुमच्या आईला फोन करून सांगितले, खालच्या मजल्यावरच्या ड्रायव्हरला बोलावून सांगितले. मी खुशाल सांगू दिले. ते संध्याकाळी दीड पोळी जेवले होते.

दुसऱ्या वेळी मामाने फोनवर इथली ओहोटी काढून दिली. दोरीला माशाचे डोके बांधून मी गुडघाभर पाण्यात उभी राहिले. दोरी ओढली गेली, मी जोरात झटका दिला, आणि डोकेच तुटून गेले. घरी येऊन हे सांगितल्यावर आजोबांनी खुर्चीतूनच दोन्ही हात उचलून शिकवणी घेतली. "हळू. कुर्लीला कळता कामा नये. तू काय शाळेची घंटा वाजवतेस?"

तिसऱ्या वेळी एक मिळाली. निळसर पायांची, तळहाताएवढी. ती जाळीत आल्यावर मी इतक्या जोरात ओरडले की ते जाळेवाले गृहस्थ उठून धावत आले. त्यांना काही बोलायची संधी न देता मी बादली उचलली आणि मिरवत घरी आणली.

आजोबांनी वाकून बघितले. मग हात घालून तिला मागून, नांग्या पोहोचणार नाहीत अशी धरली आणि उलटी केली. पोटाखाली नारिंगी गोळा होता.

"हे काय?"

"चिखल असेल," मी म्हणाले.

"अंडी आहेत! पोट बघ, रुंद, गोल. नराचं टोकदार असतं. ही सोडायची."

"सोडते. जाऊन ओतते भिंतीवरून."

"भिंतीवरून? दगडावर पडून मरेल ती! पाण्यात खाली नेऊन सोडायला हवी. तुला धरता तरी येते का?"

मी हातमोजे घालून प्रयत्न केला. कुर्लीने मोजाच ठेवून घेतला.

"दे इकडे," आजोबा म्हणाले, आणि चपला शोधू लागले.

आमच्या घरापासून किनारा दहा मिनिटांवर आहे. आम्हाला पस्तीस मिनिटे लागली. बादली मी धरली होती, आणि वाटेत ती हिंदकळते म्हणून बोलणी खात होते. तीन वेळा थांबलो. प्रत्येक वेळी मी म्हणाले, "बसा हवे तर," आणि प्रत्येक वेळी ते म्हणाले, "ती मरेल तोवर." किनाऱ्यावर त्यांनी पँट दुमडली, पाण्यात उतरले आणि तिला वाळूवर अलगद ठेवले. ती तिरकी चालत दिसेनाशी झाली, तरी ते उभेच होते.

मग म्हणाले, "उद्या दोरी मी धरतो. तू फक्त बादली."

थोरल्या, हरीण मिळेल तेव्हा मिळो. मला त्या हंगामात एकही खाण्याजोगी कुर्ली मिळाली नाही. ज्या आम्ही खाल्ल्या त्या सगळ्या आजोबांनी धरल्या, आणि त्यातली एखादी मी धरली असेल असे तुमच्या आईला त्यांनी चुकूनही वाटू दिले नाही.

तो किनारा आता पुष्कळसा भराव घालून बुजवला आहे. भरावाभोवतीच्या कुंपणाच्या पलीकडे तीन-चार होड्यांच्या लांबीचा चिखलाचा पट्टा उरला आहे. तुमचे आजोबा रोज तिथवर चालत जातात आणि परत येतात.