फ्लेक्सवरचे शिंपीकाका

आमच्या कोपऱ्यावरच्या फ्लेक्सवर शेजारचे शिंपीकाका हसताहेत. लॉटरीचं मोठं बक्षीस लागलं, तेव्हा त्यांनी हौसेनं स्वतःच तो लावून घेतला. गळ्यात हार आणि खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग. त्यातले निम्मे काकांच्या ओळखीचेही नाहीत.

तेव्हापासून त्यांचं दिवसभर उघडं असणारं दार बंद असतं. कुणी देणगी मागतं, कुणी जमीन गळ्यात मारू बघतं, कुणी फोनवर चक्क धमकावतं. नशीब उघडलं ते गावाला सांगितलं, आणि बिचाऱ्याला साध्या 'या बसा'चीही चोरी झाली.

काल त्यांचा डबा परत द्यायला गेलो. साखळी न काढता काकांनी फटीतून विचारलं, "काय काम होतं?"

"डबा द्यायचा होता, काका."

डबा फटीतून जाईना. साखळी काढावीच लागली. हातात घेताच ते थबकले.

"अहो, हा जड लागतोय."

"रिकामा कसा देणार? हिनं थालीपीठं दिलीत."

काका डब्याकडे बघतच राहिले. मग फ्लेक्सवरच्यापेक्षा कितीतरी छान हसून म्हणाले, "या, आत या. दोघं मिळून खाऊ."

खाता खाता गप्पा रंगल्या. दार लावायचं काकांच्या लक्षातच राहिलं नाही.