कॅरिबियन बेटावरची नोकरी

पोलीस खात्यातून मी लवकर बाहेर पडले, पण मे महिन्यातला तो एक तपास अजून मनातून गेलेला नाही. मी तेव्हा नागपुरात उपनिरीक्षक होते.

कुहीकडची एक बाई ठाण्यात आली. तिची मुलगी दीड महिन्यापूर्वी शहरातल्या एका एजंटामार्फत कॅरिबियन बेटावरच्या रिसॉर्टमध्ये नोकरीला गेली होती. खोल्या आवरायच्या, पाहुण्यांसाठी वाळूवर खुर्च्या मांडायच्या, असं काम. मुलगी रोज व्हिडिओ पाठवायची, फोन मात्र कधीच उचलायची नाही.

हवालदार म्हणाले, "मावशी, पोरगी समुद्रावर मजा करून राहिली. तुम्ही काहून रडता?"

"मी मेसेज करून विचारलं, तुहा ताप उतरला का वं? त्याचं उत्तरच नाही. रोज समुद्रच सांगते."

मला ते खटकलं. स्टेशन डायरीत नोंद घेतली. नियुक्तिपत्र इंग्रजीत होतं. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे असे कागद माझ्याच टेबलावर यायचे. पत्रावरचं रिसॉर्ट खरं होतं. मी तिथे मेल केला. तिकडे तेव्हा मध्यरात्र होती.

उत्तराची वाट न पाहता एजंटाला बोलावलं. मी कमी बोलते. समोरच्याला ती शांतता सोसत नाही आणि तो बोलत सुटतो.

"मॅडम, तुम्हाले काहून शंका येऊन राहिली? हा पाहा, आजचाच व्हिडिओ."

मुलगी गणवेशात, मागे पांढरा पडदा. तिचं पाठ केलेलं इंग्रजी नीट ऐकू येईना, म्हणून मी ठाण्यातला कूलर बंद करायला सांगितला. कूलर थांबला, घरघर थांबली नाही. ती व्हिडिओतून येत होती. तोच व्हिडिओ आम्ही सकाळपासून आईच्या फोनवर चारदा पाहिला होता. मे महिन्यात नागपूरकराला कूलरचा आवाज ऐकूच येत नाही. एजंटालाही आला नव्हता.

"तिकडे कूलर लावतात?"

"लावतात ना मॅडम. गरमी आहे तिकडंही."

"समुद्राकाठच्या दमट हवेत कूलरने गार होतं?"

त्याने आधी हवालदारांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. तासाभरात पत्ता सांगितला.

बुटीबोरीच्या रस्त्यावरचा फ्लॅट. पंच आणि महिला अंमलदार घेऊन गेलो. आत चार मुली होत्या. व्हिसा येतोय असं सांगून एजंटाने त्यांचे पासपोर्ट स्वतःकडे ठेवले होते. नव्या मुलींना आणि घरच्यांना दाखवायला व्हिडिओ करून घेत होता. दाराला बाहेरून कुलूप नव्हतं. कडी आतून होती.

"मग निघून का नाही आलीस?" मी त्या बाईच्या मुलीला विचारलं.

"कशी येऊ मॅडम? गावानं चौकात माहं बॅनर लावलं. सरपंचानं शाल दिली. आता कोणत्या तोंडानं जाऊ?"

आमच्यासोबत आलेली तिची आई जिन्यावरच थांबली होती. ती आत आली, मुलीची बॅग उचलली आणि म्हणाली, "बॅनर तर वाऱ्यानं कधीचंच फाटलं वं. चाल."

पंचनामा झाला, पासपोर्ट जप्त केले, एजंटाला अटक झाली. रिसॉर्टचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: असा एजंट आम्हाला माहीत नाही.

मी कुलूप शोधत गेले होते, ते सापडलं नाही. त्यानंतर हरवलेल्या माणसाच्या तक्रारीत मी घरच्यांना एक प्रश्न जास्तीचा विचारू लागले: तो परत आला, तर त्याला कोण हसेल? बऱ्याच जणांना आधी राग यायचा. मग ते एखादं नाव सांगायचे.